सॅनडिस्क अल्ट्रा ३२ जीबी: पंधरा-वीस वर्षांच्या कॅमेऱ्यात चालेल का?

कपाटातून जुना कॅमेरा निघतो, चार्जरही सापडतो, बॅटरी थोडीफार तग धरते. मग कार्डाशी येऊन अडतं. मूळ कार्ड हरवलेलं तरी असतं, नाहीतर २५६ एमबीचं असतं. दुकानात गेलं की समोर येतात ६४, १२८, २५६ जीबीची कार्डं, आणि प्रत्येकावर एमबी प्रति सेकंदाचे मोठमोठे आकडे. त्यातलं जुन्या कॅमेऱ्यासाठी काय घ्यावं? सॅनडिस्कचं साधं अल्ट्रा, ३२ जीबी, एसडीएचसी, क्लास १०, यूएचएस-१ (शेवटच्या दोन्ही वेगाच्या खुणा) हे कार्ड या कामासाठी चांगलं आहे. पण कॅमेरा साधारण २००६च्या अलीकडचा असेल तरच. त्याआधीच्या बहुतेक एसडी कॅमेऱ्यांत हे कार्ड चालणार नाही, आणि ते चालवण्याची कुठलीही युक्ती नाही.

दुसरा भाग आधी स्पष्ट करायला हवा, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

एसडी कार्डाच्या तीन पिढ्या दिसायला अगदी सारख्या: तोच आकार, तीच जाडी, तेच नऊ संपर्क. मूळ एसडी २ जीबीपर्यंत. २००६मध्ये आलेलं एसडीएचसी २ जीबीच्या वर ३२ जीबीपर्यंत. २००९मध्ये जाहीर झालेलं एसडीएक्ससी ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंत. मूळ एसडीत कॅमेरा कार्डावरची जागा बाइटच्या हिशेबात मागतो. एसडीएचसीत तीच जागा ५१२ बाइटच्या ठोकळ्यांच्या हिशेबात मागावी लागते. म्हणजे दोघांचं मोजमापच वेगळं. म्हणून कार्ड टाकून कॅमेरा सुरू केला की दोघांत आधी ओळखपाळख होते. ‘मला मोठी कार्डं कळतात’ असं कॅमेऱ्याने सांगितल्याशिवाय एसडीएचसी कार्ड ‘मी तयार आहे’ असं कळवतच नाही. जुन्या कॅमेऱ्याला हे वाक्य माहीत नसतं. तो वाट पाहतो, कंटाळतो आणि पडद्यावर ‘मेमरी कार्ड एरर’ दाखवतो. निकॉनच्या त्या काळातल्या एसएलआरवर ‘सीएचए’ ही अक्षरं लुकलुकतात.

यावर एक सल्ला सर्रास दिला जातो: मोठ्या कार्डावर २ जीबीचं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करा, म्हणजे कॅमेऱ्याला ते छोटं वाटेल. एसडीच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. पार्टिशन वाचण्याची वेळ ओळखपाळख झाल्यानंतर येते, आणि इथे गाडी पहिल्याच स्टेशनावर थांबलेली असते. फॉरमॅट करून, मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून, कार्ड उलटसुलट करून काहीही होत नाही. अडॅप्टर म्हणजे फक्त तारा. भाषांतर करणारं त्यात काही नसतं.

मग ही रेघ नेमकी कुठे पडते? निकॉनमध्ये डी५० (२००५) एसडीएचसी घेत नाही, तर डी४० आणि डी८० (दोन्ही २००६) घेतात. कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस (२००७) घेतो, त्याच्या दोनेक वर्षं आधीचा ए६२० घेत नाही. काही कंपन्यांनी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून ही सोय नंतर दिली. पेंटॅक्स के१००डी हे त्याचं उदाहरण. त्यामुळे तुमचा कॅमेरा २००५-०६च्या उंबरठ्यावरचा असेल तर कार्ड घेण्याआधी मेन्यूत फर्मवेअरची आवृत्ती बघा आणि कंपनीच्या जुन्या डाउनलोडच्या पानावर त्यापुढची मिळते का ते शोधा. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत किंवा कार्डाच्या झाकणाजवळ एसडीएचसीची खूण दिसली तर प्रश्नच मिटला. पुस्तिकेत नुसतं ‘एसडी आणि एमएमसी’ लिहिलेलं असेल तर २ जीबीच्या पुढे जाऊ नका.

त्यातही मेख आहे. एसडीच्या अगदी सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत २ जीबीचं कार्डही चालत नाही. ५१२ बाइटचा ठोकळा धरून मूळ एसडीची कमाल क्षमता १ जीबी येते. २ जीबी गाठण्यासाठी कार्ड १०२४ बाइटचा ठोकळा जाहीर करतं, आणि ५१२ गृहीत धरून लिहिलेलं फर्मवेअर तिथे गोंधळतं. अशा कॅमेऱ्याला १ जीबी किंवा ५१२ एमबी द्या. बाजारात ४ जीबीची ‘साधी एसडी’ कार्डंही येऊन गेली, पण ती नियमात बसत नव्हती. एखाद्या कॅमेऱ्यात ती चालली तर नशीब.

१ आणि २ जीबीची कार्डं आज कुठे मिळतात? स्विसबिट, एटीपीसारख्या कंपन्या कारखान्यांतल्या यंत्रांसाठी अशी कार्डं बनवतात. महाग असतात, पण टिकाऊ. जुना साठा किंवा वापरलेली कार्डं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा फोर्टच्या बोरा बाजारात, पुण्यात तपकीर गल्लीत विचारली तर हाती लागू शकतात. ‘कोरं २ जीबी’ म्हणून दिलेल्या कार्डाचीही पुढे सांगितलेली चाचणी घ्याच.

आता अल्ट्रा कार्डाकडे येऊ.

अल्ट्रा ३२ जीबीच्या पाकिटावर आवृत्तीनुसार ९०, १०० किंवा १२० एमबी प्रति सेकंद लिहिलेलं असतं. तो आकडा वाचण्याच्या वेगाचा, आणि तोही नव्या रीडरमधला. जुन्या कॅमेऱ्यात त्याला काही अर्थ नाही. यूएचएस-१चा वेग मिळायला कार्ड आणि कॅमेरा दोघांना ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टच्या संकेतांवर उतरावं लागतं. जुना कॅमेरा ते करत नाही, त्यामुळे कार्ड मुकाट्याने जुन्या पद्धतीवर येतं. तिथे कमाल मर्यादा १२.५ किंवा २५ एमबी प्रति सेकंद, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रोसेसर त्याच्याही बराच मागे. नवं कार्ड जुन्या कॅमेऱ्याला ‘जाळतं’ वगैरे समज निराधार आहे. सुरुवात नेहमी ३.३ व्होल्टवरच होते.

गरज तरी किती असते? डी४०ची सहा मेगापिक्सेलची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल सुमारे ५ एमबीची. ए५७०चा ६४० बाय ४८०चा व्हिडिओ सेकंदाला सुमारे २ एमबी खातो. एवढं क्लास ४चं कार्डही सहज पेलतं. म्हणूनच अल्ट्राऐवजी एक्स्ट्रीम प्रो घेण्यात अर्थ नाही, आणि मागे संपर्कांची दुसरी ओळ असलेलं यूएचएस-२चं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ती दुसरी ओळ जुन्या कॅमेऱ्यात कशालाच टेकत नाही. व्ही३०, यू३ ही अक्षरं आजच्या व्हिडिओसाठी आहेत आणि ए१, ए२ फोनमधल्या अ‍ॅपसाठी. त्यांच्यासाठी जास्तीचा पैसा मोजू नका. किंग्स्टनचं कॅनव्हास सिलेक्ट प्लस ३२ जीबी याच तोडीचं आहे. दोन्हींपैकी जे खात्रीच्या दुकानात बिलासकट मिळेल ते घ्या.

३२ जीबीच का, ६४ का नाही? ३२पर्यंतची कार्डं फॅट३२ वर येतात, ६४पासून पुढची एक्सफॅटवर. ही कार्डावर फाइली मांडण्याच्या पद्धतींची नावं. २००६ ते २००९च्या कॅमेऱ्यांना एक्सफॅट वाचता येत नाही. विजेच्या पातळीवर मात्र एसडीएक्ससी कार्ड एसडीएचसीच्याच भाषेत बोलतं. म्हणून ६४ जीबीचं कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट केलं तर बऱ्याच एसडीएचसी कॅमेऱ्यांत चालतं. त्यासाठी विंडोजमधली नेहमीची फॉरमॅटची खिडकी उपयोगाची नाही, ती ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच देत आलेली नाही. एसडी असोसिएशनचा अधिकृत फॉरमॅटरही ६४ला एक्सफॅटच करतो. ‘जीयूआयफॉरमॅट’सारखं छोटं सॉफ्टवेअर किंवा मॅकमधली डिस्क युटिलिटी हे काम करते. हातात ६४चं कार्ड आधीपासून पडून असेल तर करून बघा. नवीन विकत घेऊन हा उपद्व्याप करण्याचं कारण नाही. ३२ जीबीवर डी४०च्या सहा हजारांच्या आसपास रॉ फाइल मावतात. कॅमेऱ्याचं बटण तेवढ्यात थकेल.

खरं तर १६ जीबी मिळालं तर तेही आनंदाने घ्या. मोठ्या कार्डाचा एक त्रास जुन्या कॅमेऱ्यात हमखास जाणवतो: सुरू होताना लागणारा वेळ. किती जागा शिल्लक आहे हे सांगण्यासाठी काही कॅमेरे फॅटचा, म्हणजे कुठली जागा भरली आहे याच्या नोंदींचा, पूर्ण तक्ता वाचतात. ३२ जीबीवर ३२ केबीचे क्लस्टर (जागेचे तुकडे) धरले तर ते दहा लाखांच्या आसपास होतात. प्रत्येकाची नोंद ४ बाइटची, म्हणजे तक्ता ४ एमबीचा. हळू कॅमेऱ्याला तेवढं वाचायला सेकंद-दोन सेकंद जातात. कुणी संगणकावर ४ केबीचे क्लस्टर निवडून फॉरमॅट केलं असेल तर तोच तक्ता ३२ एमबीचा होतो. मग कॅमेरा बिघडल्यासारखा वाटतो, पण दोष फॉरमॅटचा असतो. तसंच पडद्यावर ‘९९९’ किंवा ‘९९९९’वर आकडा अडकलेला दिसला तर घाबरू नका. काउंटरला तेवढेच अंक दिलेले असतात.

कार्ड हातात आल्यावरचा क्रम

पाकीट फोडल्यावर सगळ्यात आधी कार्ड खरं आहे का ते तपासा, फोटो नंतर. नकली कार्डाचा नियंत्रक ३२ जीबी असल्याचं सांगतो, आत चिप असते ४ किंवा ८ची. तेवढी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, नंतरचे फोटो आधीच्यांवर लिहिले जातात किंवा हवेत विरतात. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, मॅक आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. २० एमबी प्रति सेकंदाने लिहिलं तर ३२ जीबीला साधारण २७ मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी. लग्नाचे फोटो गेल्यावर ही चाचणी घेणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. विंडोजमध्ये ३२ऐवजी २९.७ किंवा २९.८ जीबी दिसणं ही मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

ही चाचणी नव्या यूएसबी रीडरवरच करा. वीसेक वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधला किंवा प्रिंटरमधला रीडर एसडीएचसीच्या आधीचा असू शकतो. तो कार्ड ओळखत नाही किंवा भलतीच क्षमता दाखवतो, आणि लोक कार्ड परत करायला धावतात. असा रीडर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारू लागला तर ‘नाही’ म्हणा.

चाचणी झाली की एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरने क्विक फॉरमॅट करा, म्हणजे क्लस्टर योग्य मापाचे पडतात. त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्या मेन्यूतून पुन्हा फॉरमॅट करा. डीसीआयएम फोल्डर आणि कॅमेऱ्याला हव्या त्या फाइली त्या वेळी तयार होतात. कॅननच्या पॉवरशॉटमध्ये ‘लो लेव्हल फॉरमॅट’चा पर्याय असतो. कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यातून आलं असेल किंवा हळू वाटत असेल तर तो एकदा वापरावा. पुढे वीसेक फोटो काढा, कॅमेरा बंद करून चालू करा, आणि फाइली संगणकावर उघडून बघा. फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतात म्हणून विश्वास ठेवू नका, तिथे पुष्कळदा लहान नमुनाचित्र दिसत असतं.

याच वेळी तारीखही तपासा. कार्डाशी तिचा संबंध नाही, पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी उतरलेली असते, तारीख मागे गेलेली असते, आणि मग संगणकावर सगळे नवे फोटो कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतात.

‘कार्ड लॉक आहे’ अशी सूचना येत असेल आणि कार्डाच्या कडेचा लॉकचा खटका तर वरच आहे, तर बहुधा खटका सैल झालाय. कार्ड आत सरकवताना तो घासून खाली येतो. तो खटका कार्डाच्या आत कशालाही जोडलेला नसतो. कॅमेऱ्यातली एक बारीक कळ त्याची जागा चाचपते, एवढंच. म्हणून खटक्याच्या खाचेवर सेलोटेपचा अरुंद, एकेरी तुकडा लावला की काम होतं. टेपचा कोपरा सुटला तर कार्ड आत अडकतं, तेव्हा तो नीट दाबून बसवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कार्डाचे सोनेरी संपर्क मळकट होऊन अधूनमधून ‘एरर’ येते. धागे न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरणं कामचलाऊ म्हणून ठीक. कार्डाचे आठ संपर्क आणि अडॅप्टरचे नऊ, म्हणजे ढिलं पडायला आणखी एक जागा. कायमचं वापरायचं तर पूर्ण आकाराचंच कार्ड घ्या.

कॉम्पॅक्टफ्लॅशवाल्यांसाठी

कॅनन ५डी, निकॉन डी७० किंवा डी७०० यांच्या मालकांचं नशीब थोडं बरं आहे. कॉम्पॅक्टफ्लॅश म्हणजे जुन्या संगणकांतल्या आयडीई जोडणीची छोटीशी हार्डडिस्कच. जुन्या-नव्यात भाषेचा झगडा नाही. नवं, वेगवान यूडीएमए कार्ड जुन्या कॅमेऱ्यात जुन्या पद्धतीने काम करतं. इथे पार्टिशनची युक्तीही चालते. साधारण २००३च्या आधीच्या काही कॅमेऱ्यांना फक्त फॅट१६ (फॅट३२च्या आधीची पद्धत) कळतं, तेव्हा विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडच्या साधनात कार्ड निवडून ‘क्लीन’, मग ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=२०००’, मग ‘फॉरमॅट एफएस=फॅट युनिट=३२के क्विक’ द्या. डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा, चुकीची डिस्क निवडली तर ‘क्लीन’ ती न विचारता पुसून टाकतं. असं कार्ड नंतर कॅमेऱ्यातून फॉरमॅट करू नका, फोटो काढून टाकायचे तर ‘डिलीट ऑल’ वापरा. खरेदी करताना ‘सीफास्ट’ आणि ‘सीएफएक्सप्रेस’ या नावांपासून सावध राहा. सीफास्ट आकाराने कॉम्पॅक्टफ्लॅशसारखंच दिसतं, पण त्याला पन्नास भोकं नसतात, जोडणी साटाची असते. ते या खाचेत चालत नाही.

एसडी ते कॉम्पॅक्टफ्लॅश अडॅप्टर स्वस्त आहे आणि त्यात खरोखरच भाषांतर करणारी चिप असते. पण शिफारस करताना हात आखडता घ्यावा लागतो. एक म्हणजे जाडी. टाइप-१ ३.३ मिलिमीटर, टाइप-२ ५ मिलिमीटर. डी७००मध्ये टाइप-१च बसतं, आणि जाड अडॅप्टर जबरदस्तीने घातला तर झाकण लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या पन्नास बारीक पिना कॅमेऱ्यात असतात, भोकं कार्डात. स्वस्त अडॅप्टरच्या कडेच्या पन्हाळी ढिल्या असतील तर तो तिरका जातो आणि पिन वाकते. ती पिन सरळ करणं घड्याळजीचं काम, आणि बहुतेकदा पूर्ण खाचच बदलावी लागते. अडॅप्टर वापरायचाच तर तो एकदा बसवून आतच राहू द्या, आणि फोटो यूएसबी केबलने घ्या. डी७०ची यूएसबी १.१ची आहे, तेव्हा शंभर रॉ फाइली उतरवताना चहा करून घ्यायला वेळ मिळेल. रोजच्या कामाला खरं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डच घ्यावं.

सोनी आणि ऑलिंपस-फुजी

सोनीच्या मेमरी स्टिक प्रो ड्युओ घेणाऱ्या सायबरशॉटमध्ये मायक्रोएसडीचा अडॅप्टर बऱ्यापैकी चालतो: एका खाचेचा घ्या, ३२ जीबीपर्यंतचं फॅट३२ कार्ड वापरा, फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. त्याआधीच्या, ‘प्रो’ नसलेल्या मेमरी स्टिकच्या कॅमेऱ्यांना हा मार्ग बंद आहे. ती स्टिक १२८ एमबीवरच थांबली होती.

ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या एक्सडी कार्डाची गोष्ट सगळ्यात अवघड. ते २ जीबीवर थांबलं. ऑलिंपसचा एमएएसडी-१ हा मायक्रोएसडी अडॅप्टर फक्त त्यांच्याच ठरावीक मॉडेलमध्ये चालतो. तो फुजीच्या एफ३०मध्ये घालून उपयोग नाही. तिथे वापरलेलं एक्सडी कार्ड शोधणं हाच रस्ता, आणि घेताना आपला कॅमेरा दुकानात नेऊन तिथेच फॉरमॅट करून, दहा फोटो काढून बघावं. ऑलिंपसचा ई-५१० किंवा ई-५२० असेल तर मात्र एक्सडीच्या मागे धावू नका. त्याच झाकणाखाली कॉम्पॅक्टफ्लॅशचीही खाच आहे.